लेंगीत गेलेली कल्पना

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. हौस म्हणून नाही, पुरावा म्हणून. मोबाइलवर एका वकिलाचा व्हिडिओ पाहिला. तो म्हणतो, डोक्यात नवी कल्पना आली की तारीख टाकून लिहून ठेवा, उद्या कोणी चोरली तर कोर्टात कामी येते. तेव्हा कोर्टासाठी लिहितो: मी बादल आडे, राहणार आर्णी, धंदा फोटो आणि व्हिडिओ शूटिंग. या तालुक्यातले निम्मे नवरे-नवऱ्या मी 'हसा' म्हटल्यावर हसलेले आहेत. बायको रंजिता दुकानात झेरॉक्सचं मशीन सांभाळते. मूळ गाव म्हणजे आमचा तांडा, आर्णीहून जवळच.

कल्पना अशी. काल तांड्यात नसाब बसला होता. (कोर्टाच्या माहितीसाठी: नसाब म्हणजे आम्हा गोरमाटी, म्हणजे बंजारा, लोकांची पंचायत.) दोघे सख्खे भाऊ विहिरीच्या पाळीवरून एकमेकांच्या जिवावर उठले होते. आमचे हिरासिंग नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, यांची एक रीत आहे, दुसऱ्या कुठल्या तांड्यात मी ती पाहिली नाही. फिर्याद घेऊन आलेल्याला ते स्वतःची बाजू सांगूच देत नाहीत. आधी समोरच्याची बाजू सांगायची, आणि समोरचा 'हो, असंच आहे' म्हणेपर्यंत सांगत राहायचं. मग समोरच्याने याची बाजू सांगायची. काल थोरला भाऊ धाकट्याची बाजू सांगता सांगता मध्येच थांबला आणि ढसाढसा रडायला लागला. पुढे भांडायला काही उरलंच नाही.

मी घरी येताना गाडी रस्त्याच्या कडेला लावून उभा राहिलो. हे टीव्हीवर गेलं तर? नवरा-बायको, भाऊ-भाऊ, सासू-सून, सगळे एकमेकांची बाजू सांगतायत. नावही सुचलं: 'तुझी बाजू'. कालपासून अन्न गोड लागत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रंजिताला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समोरचा हो म्हनला, हे टीव्ही पाहनाऱ्याईले कसं दिसंन? मान तं बैलबी हालवते."

"मंग काय करावं?"

"त्याच्या हातात घंटा द्याची. बैलाच्या गळ्यातली. पटलं तं वाजवंन, नाई पटलं तं धरून बसंन. घंटा वाजल्याबिगर दुसऱ्यानं आपलं तोंड उघडाचं नाई."

मी म्हटलं, "टीव्ही म्हनजे पोळा नाई, रंजिता."

तिने भाकरी उलटली. बायकांना वाटतं सगळं सोपं असतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आंघोळ करताना एकदम सुचलं. घंटा! आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडले. 'माल दुसऱ्याचा, पोचवनारे आपुन,' असं आजोबा मोठ्या तोऱ्यात सांगायचे. त्या बैलांच्या गळ्यातली पितळी घंटा हिरासिंग नायकांकडे अजून आहे. ती समोरच्याच्या हातात द्यायची! इतिहास आला, आवाज आला, चित्र आलं. ओल्या अंगानेच बाहेर येऊन लिहून काढलं.

रंजिताही काल तसंच काहीतरी म्हणत होती, पण त्यातलं नाट्य तिला कळलं नव्हतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पूर्ण मांडणी तयार झाली. कोण कुठे बसणार, नायक काय विचारणार, घंटा कधी वाजणार, सगळं तपशीलवार. खाली लिहिलं: कल्पना व मांडणी, बादल आडे. राजकुमारच्या कॉम्प्युटरच्या दुकानात टाइप करून घेतलं. राजकुमार जुना दोस्त आहे, तरी त्याला सेवालाल महाराजांची शपथ घातली. मुंबईच्या एका मराठी वाहिनीला मेल केला. वाहिनीचं नाव इथेही लिहीत नाही, भिंतींना कान असतात.

रंजिताने विचारलं, "राजकुमारभाऊले शपथ घातली, मले काहून नाई?"

"तू तं घरचीच," मी म्हटलं.

३ मार्च, सोमवार

वाहिनीचं उत्तर आलं! 'कल्पना रंजक वाटते', २६ तारखेला व्हिडिओ कॉलवर बोलू म्हणतात. दिवसभर दुकानाच्या आत-बाहेर करत होतो. एका नवऱ्या मुलाचा पासपोर्ट फोटो डोकं कापून काढला.

गुप्तता कडक पाळतो आहे. नायकांना मात्र सांगणं भाग होतं, रीत त्यांची. त्यांच्या ओट्यावर तेव्हा पाच-सात जण बसलेले होते, पण ती सगळी आपलीच माणसं. नायक म्हणाले, "ने बाप्पा टीव्हीवर. पन मले पावडर लावाले सांगू नको."

१५ मार्च, शनिवार

होळी झाली. काय होळी झाली! आमच्यात वर्षभरात जन्मलेल्या बाळाचा होळीला धुंड करतात. आई बाळाला मांडीवर घेऊन बसते, वर चादर धरतात आणि सगळे काठ्या वाजवत लेंगी गातात. लेंगी म्हणजे आमची होळीची गाणी, दरवर्षी नवी बांधतात, तांड्यात जे घडलं ते त्यात येतं. काल एका बाळाचा धुंड झाला, आणि कोणीतरी ओरडलं, "बादलचा कार्यक्रमबी याच वर्षी जन्मला न! त्याचाबी करा धुंड!"

मला धरून खाली बसवलं. मांडीवर बाळ म्हणून माझा कॅमेरा ठेवला. वर चादर. आणि बायकांच्या घोळक्यातून रंजिताने लेंगी सुरू केली. कधी बांधली कोण जाणे, मला एका शब्दाने बोलली नव्हती. 'मारी वात तू के, तारी वात म कूं', माझं म्हणणं तू सांग, तुझं म्हणणं मी सांगते, हे धृपद. पुढे नायक आला, भांडखोर भाऊ आले, घंटा आली, घंटा वाजेपर्यंत गप्प बसलेला नवरा आला. बायका हसून हसून लोळल्या. माझी छाती फुगली. पहिलं कडवं ऐकून मी चादरीतून बाहेर आलो आणि बाकीचं सगळं दोन अँगलने शूट केलं.

आज सकाळी नेहमीप्रमाणे स्टुडिओच्या चॅनेलवर टाकलं. तेलंगणात, पुण्यात कामाला गेलेली आपली माणसं आमच्या तांड्याच्या होळीची वाट बघत असतात. दुपारपर्यंत पुसदहून फोन आले.

२६ मार्च, बुधवार

कॉल झाला. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, लग्नाचा निळा पडदा मागे लावला. वाहिनीच्या मॅडम चुणचुणीत. मी आधीच मेल केला होता की ही कल्पना गोपनीय आहे, माझ्या परवानगीशिवाय वापरू नये. त्यांनी उत्तर दिलं होतं, 'नक्कीच.' वकिलाच्या व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, कुठे फट ठेवली नाही.

मॅडमना घंटा फार आवडली. "ती बेल म्हणजे कमाल आहे हो. कोणाची आयडिया?"

"माझीच," मी म्हटलं.

मागे झेरॉक्सचं मशीन चालू होतं, ते नेमकं तेव्हा थांबलं. कागद अडकला असेल. आवाज बंद झाल्याने बरंच झालं, पुढचं मला नीट ऐकू आलं.

कॉल संपवून वळलो तर रंजिता निघून गेली होती. रोज माझ्या मागे गाडीवर बसून येते, आज पायी गेली. घरी विचारलं तर म्हणाली डोकं दुखतं. एवढ्या आनंदाच्या दिवशी नेमकं डोकं दुखायचं होतं.

९ एप्रिल, बुधवार

मेल नाही. दिवसातून किती वेळा बघतो ते लिहायची लाज वाटते.

रंजिता हल्ली स्वयंपाक करताना गुणगुणत नाही. घर सुनं सुनं वाटतं. विचारलं तर "काई नाई" म्हणते. ऊन फार आहे, त्यानेही होत असेल.

१७ मे, शनिवार

'आपली संकल्पना उत्तम आहे, परंतु सध्याच्या प्राधान्यक्रमात बसत नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

लग्नसराई आहे. आज एका मांडवात अख्खं लग्न शूट केलं आणि रेकॉर्डचं बटण दाबायला विसरलो. मुलीच्या काकाने माझी कॉलर धरली. धरू द्या.

१२ ऑगस्ट, मंगळवार

कोर्टाने नोंद घ्यावी: चोरी झाली.

आज संध्याकाळी दुकानात टीव्ही चालू होता. त्याच वाहिनीवर नव्या कार्यक्रमाची जाहिरात. गोल बसलेली माणसं. मध्ये फेटेवाला म्हातारा. एक नवरा, एक बायको. बायकोच्या हातात पितळी घंटा! 'आधी तिची बाजू, मग तुझी!' असं म्हणतो तो फेटेवाला. नाव वेगळं दिलंय, बाकी सगळं माझं. आणि शीर्षकगीत? रंजिताची लेंगी! 'मारी वात तू के', जशीच्या तशी, मागे ढोलकी आणि कसले कसले बाजे.

मी खुर्ची लाथाडली. एक गिऱ्हाईक घाबरून आधार कार्ड विसरून पळालं. रंजिता टीव्हीकडे बघत उभी होती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, चला, आता तरी तिला माझं दुःख कळलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

यवतमाळला अ‍ॅडव्होकेट दीपमाला भगत यांच्याकडे जाऊन आलो. कोर्टामागे ऑफिस. अपघाताच्या भरपाया आणि सोडचिठ्ठ्या हे त्यांचं रोजचं काम. म्हणाल्या, "असं प्रकरण आमच्या इथी येत नाही बादलभाऊ. मले दोन दिवस वाचावं लागलं."

मी मांडणीची निळी फाइल पुढे सरकवली, वर ही रोजनिशीही ठेवणार होतो. त्या म्हणाल्या, "स्वतःच्या हातानं लिहिलेलं कोर्ट किती मानंन सांगता येत नाही. ठेवा तुमच्यापाशीच." मग बोट वर करून मास्तरणीसारखं समजावलं. "नुसत्या कल्पनेले कायदा विचारत नाही. सासू-सुनेचं भांडण दाखवू, ही कल्पना कोणाच्याच बापाची नाही. पण कल्पना नीट फोडून मांडली असंन, गुपित म्हणून विश्वासानं सांगितली असंन, आणि तोवर ती बाहेर फुटली नसंन, तर वापरणाऱ्याले धरता येते. विश्वासभंग म्हणतात त्याले."

मेल दाखवला. गोपनीय हा शब्द, आणि खाली त्यांचं 'नक्कीच'. वकीलबाईंचे डोळे चमकले.

"कॉलच्या आधी कोणाले सांगितलं होतं?"

"कोनालेच नाई," मी म्हटलं. राजकुमारला शपथ होती आणि नायक म्हणजे नायक, ते कोणात धरायचे नाहीत.

परतताना बसमध्ये बसवेना. उभ्यानेच आलो, जागा रिकामी असताना. कंडक्टर दोनदा म्हणाला, "बसा न भाऊ." मनात एकच चित्र: कार्यक्रम संपतो, पाट्या वर सरकतात, आणि सगळ्यात आधी माझं नाव. एवढंच हवं आहे. पैसे गेले खड्ड्यात.

२१ ऑगस्ट, गुरुवार

वकीलबाईंचा फोन. आवाज बदललेला.

"बादलभाऊ, तुम्ही म्हणाले कोणाले सांगितलं नाही. मग हे काय पाहून राह्यली मी? तुमच्याच स्टुडिओच्या नावानं व्हिडिओ आहे. 'बादलच्या टीव्ही कार्यक्रमाचा धुंड, रंजिताची नवी लेंगी.' त्यात नायक आहे, घंटा आहे, अख्खा कार्यक्रम आहे. तारीख तुमच्या कॉलच्या आधीची. आणि मागून तुमचाच आवाज येते, 'जोरानं, जोरानं, कॅमेऱ्याकडं पाहून!'"

मी म्हटलं, "ते तं होळीचं गानं हाये, मॅडम. लेंगी तं सगळेच गाते."

"तेच तर सांगून राह्यली. जे सगळ्या जगानं पाहिलं, ते गुपित कसं म्हणायचं? समोरचा वकील पहिल्या दिवशी हेच काढंन."

फोन ठेवला. रंजिता मशीनमध्ये कागद भरत होती. मी फट्कन म्हणालो, "तुह्या लेंगीनं वाटोळं केलं माह्यं! कोनं सांगतलं होतं गानं बांधाले? मी जिवापाड गुपित ठेवतो, अन् तू तांडाभर गात फिरते!" अजूनही बरंच बोललो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती.

तिने कागदाचा गठ्ठा सरळ करून ठेवला. "झालं?"

"नाई झालं. नसाबात नेतो मी हे. साऱ्याईले कळू दे कोनाची चूक हाये ते."

"न्या," ती म्हणाली.

२४ ऑगस्ट, रविवार

परवाच पोळा झाला, त्यामुळे तांड्यात बैलांच्या शिंगांना अजून रंग आहे. नसाब बसला. मी फिर्याद मांडायला उभा राहिलो आणि तोंड उघडणार, तोच हिरासिंग नायक म्हणाले, "हां. आधी रंजिताची बाजू सांग."

खरं सांगतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ज्या रीतीवर मी अख्खा कार्यक्रम लिहिला, ती माझ्यावर लागेल हे डोक्यात आलं नाही. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

नायकांनी पोळ्यासाठी घासूनपुसून लख्ख केलेली घंटा आणवली. "टीव्हीवाले वाजवते तं आपुन काहून नाई?" म्हणाले आणि ती रंजिताच्या हातात दिली. तिने ती मांडीवर ठेवली.

मी म्हटलं, "तिचं म्हननं असं, का तांड्यानं धुंड काढला म्हनून तिनं गानं बांधलं."

घंटा गप्प.

"तिचं म्हननं असं, का व्हिडिओ मीच टाकला." हे म्हणायचं नव्हतं, पण म्हटलं. माणसं कुजबुजली. आता वाजेल असं वाटलं. घंटा गप्प.

"तिचं म्हननं असं, का मी लोकाईसमोर तिच्यावर बोललो."

ती घंटेच्या काठावरून बोट फिरवत होती. माझ्याकडे बघतही नव्हती.

"मंग अजून काय पाह्यजे?" मी नायकांवरच ओरडलो.

नायकांनी विडी विझवली. "पुढच्या रविवारी. तोवर घंटा रंजितापाशी राहीन."

म्हणजे आठवडाभर ती घंटा आमच्याच घरी. गाडीवर मागे बसून तिने ती पदरात घट्ट धरली होती, तरी आर्णी येईपर्यंत खड्ड्याखड्ड्याला बारीक आवाज येत होता.

२६ ऑगस्ट, मंगळवार

वकीलबाईंचा फोन! रस्ता सापडला म्हणाल्या.

"कल्पना गेली समजा. पण त्याईनं शीर्षकगीतात लेंगीच्या चार ओळी घेतल्या, शब्दाले शब्द. चाल जुनी आहे, ती सगळ्याईची. शब्द मात्र कोणीतरी बांधले न! बांधलेल्या गाण्यावर हक्क लागते, अन् ते गुपित असायची गरजच नाही. उलट तो होळीचा व्हिडिओ आता आपला पुरावा."

मी उभ्या उभ्या नाचलो. "लगेच काढा नोटीस, माह्या नावानं!"

"तुमच्या कसं? गाणं तुम्ही बांधलं?"

"माह्याच कार्यक्रमावर हाये न ते."

"हो, पण बांधलं कोणी?"

मी नाव सांगितलं.

"मग अशील त्या. वकीलपत्रावर सही त्यांची लागंन. अन् एक विचारून ठेवा. गाण्यात ती घंटा आहे, ती कोणाच्या डोक्यातून आली? नोटिशीत सगळं बरोबर लिहावं लागते."

"विचारतो," म्हटलं. विचारलं नाही. ती जेवायला वाढत होती, मध्येच काय विचारायचं? उद्या बघू. म्हणजे नोटीस जाणार, खटला होणार, कदाचित नावही लागणार, आणि ते माझं नसणार! कल्पनेसाठी झोप मी घालवली. सहा महिने तळमळलो मी. आज मुकाट्याने जेवलो आणि दोन घास कमीच खाल्ले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

घंटा रंजिताने झेरॉक्सच्या मशीनवर ठेवली आहे. येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघतो. मी बघायचं टाळतो, तर मशीन चालू झालं की तीच हलते.

दुपारी शाळेच्या शिपाईण मथुराबाई प्रश्नपत्रिकेच्या प्रती काढायला आल्या. "अगं माय, केवढी सुंदर! कोनाची हो ही?"

रंजिता कागद मोजत होती. मान वर न करता माझ्याकडे हात केला. "यायची." यांची, म्हणजे माझी.

मथुराबाई 'छान, छान' म्हणून गेल्या. मशीन थांबलं. मला एकदम मार्चमधला तो दिवस आठवला, निळा पडदा, मॅडमचा प्रश्न, आणि मागे असंच थांबलेलं मशीन. त्या दिवशी कागद अडकला नव्हता. आज मी नीट पाहिलं, बटण तिनेच बंद केलं; तेव्हाही तिनेच केलं असणार.

मग मागची पानं चाळली. ४ फेब्रुवारी, ५ फेब्रुवारी. कोर्टासाठी लिहिलेली. बरं झालं, वकीलबाईंनी ही रोजनिशी ठेवून घेतली नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

जमेल तसं लिहितो.

नसाबात आज गर्दी. सगळ्यांना माहीत, बादल अडकलाय. मी उभा राहिलो. घंटा तिच्या मांडीवर.

"मुंबईच्या मॅडमनं इचारलं होतं, घंटा कोनाची. मी म्हनलो, माही. रंजिता मागं उभी होती." घंटेकडे बघत पुढे म्हटलं, "घंटा तिची होती. भाकरी थापता थापता तिनं सांगतली. मी तिले हसलो. अन् दुसऱ्या दिवशी आपलीच म्हनून लिहून घेतली. मुंबईवाल्याईनं माह्यासंगं जे केलं, ते मी आधीच तिच्यासंगं करून बसलो होतो. हे तिचं म्हननं हाये."

तिने घंटा उचलली आणि एकदाच वाजवली. फार जोरात नाही.

मी खाली बसणार होतो. नायक म्हणाले, "थांब. आता तिनं तुही बाजू सांगाची हाये."

घंटा माझ्या हातात आली. जड आहे, दिसते त्याहून जड. मला वाटलं, आता माझी कसली बाजू राहिली? ती काय सांगणार?

रंजिता उभी राहिली. पदर खांद्यावर नीट घेतला.

"हे लोकाईचे लग्नं काढते. सारा मांडव जेवून उठला का मंग जेवते, थंडं. हजार फोटो काढले यायनं, एकात बी हे नाई. यायले एक पाह्यजे होतं, आपल्या नावाचं. घंटा माही हाये हे यायले पह्यल्या दिवसापासून ठाऊक होतं. पन कबूल करते तं हातात काय राह्यते? रीत नायकाची, घंटा माही, गानं माहं. म्हनून म्हनले माही. मले हिनवाले नाई म्हनले. रिकाम्या हातानं उठाचं भेव वाटलं यायले." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अन् लेंगी मी यायच्यासाठीच बांधली होती. मले वाटलं, खुश होतीन."

मला घंटा वाजवायची नव्हती. वाजवली तर हे सगळं खरं ठरणार होतं, साऱ्या तांड्यासमोर. मी आतला लोळा बोटांत घट्ट धरून ठेवला. कोणी घाई केली नाही. नायकांनी नवी विडी काढली आणि पेटवली नाही. लांब कुठेतरी कोणीतरी बैलाला हाकत होतं.

मग बोटं सुटली.

३ सप्टेंबर, बुधवार

काल रंजिताने वकीलपत्रावर सही केली. आधी दुकानातल्या रद्दी कागदावर चार वेळा करून पाहिली. घंटा रविवारीच नायकांना परत दिली. आज सकाळी भाजी फोडणीला टाकताना ती काहीतरी गुणगुणत होती. शब्द ऐकू आले नाहीत. विचारलं नाही, लिहूनही घेतलं नाही.

तो कार्यक्रम रोज लागतो. मी टीव्ही बंद करत नाही, पण बघवतही नाही, दाराशी जाऊन उभा राहतो. नोटीस गेली तरी काय होईल सांगता येत नाही, वकीलबाई म्हणतात धीर धरा. धीर कसा धरतात ते मला कधीच जमलं नाही.

कागद द्यायला यवतमाळला गेलो. वकीलबाई कोर्टात होत्या. बाहेरच्या टेबलावर त्यांचे कारकून बाबाराव. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं उलटली.

"अशील कोण?"

"रंजिता आडे."

त्यांनी नाव लिहून घेतलं. मग वर पाहिलं. "अन् तुम्ही?"

"मी कागद पोचवाले आलो," मी म्हटलं.